एक वाकडा आकडा आणि ढळलेली रेषा: कालश्रेणीसाठी रोबस्ट रिग्रेशन, पायरीपायरीने

बेल्जियममधून परदेशात केलेल्या टेलिफोन कॉलची १९५० ते १९७३ ही चोवीस वर्षांची आकडेवारी रोबस्ट रिग्रेशन, म्हणजे काही वाकड्या आकड्यांमुळे न ढळणारी रेषा बसवण्याची पद्धत, शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेखालून जाते. 'आर' या संगणकभाषेच्या 'मास' पॅकेजमध्ये ती 'फोन्स' नावाने तयार मिळते. आकडे दशलक्षात आहेत. १९५० साली ४.४, १९५५ साली ७.३, १९६० साली १३.५, १९६२ साली १६.१. १९६३ साली २१.२ आणि त्यानंतर १९६४ साली एकदम ११९. तिथून १२४, १४२, १५९, १८२ असं चढत १९६९ साली २१२. मग १९७० साली ४३ आणि शेवटच्या तीन वर्षांत २४, २७, २९.

कॉल करणारे लोक सहा वर्षांसाठी अचानक वाढले नव्हते. १९६४ ते १९६९ या काळात नोंदीची पद्धत वेगळी होती: कॉल किती झाले ते न लिहिता कॉलची एकूण मिनिटं लिहिली गेली. पद्धत नेमकी १ जानेवारीला बदलली नाही, म्हणून १९६३ आणि १९७० ही दोन वर्षं अर्धवट बिघडली.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हीच फाइल आधाराला घेतली आहे. ती लहान आहे, बिघाडाचं कारण माहीत आहे आणि प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता येतो. साधं रिग्रेशन आणि ऑटोकोरिलेशन म्हणजे काय एवढं ठाऊक असलं की पुरे.

पायरी १: मॉडेलच्या आधी फाइल वाचा

आलेख काढा, पण आलेखावर थांबू नका. प्रत्येक मालिकेसाठी चार गोष्टी तपासा. एकक मधेच बदललं आहे का? आपल्याकडच्या बाजारभावात रुपये प्रति क्विंटल आणि रुपये प्रति किलो यांची सरमिसळ झाली तर फरक बरोबर शंभर पटींचा असतो, त्यामुळे लॉग घेतलेल्या आलेखात तो ४.६ इतक्या उडीने लगेच ओळखू येतो. दुसरं, शून्य म्हणजे खरंच शून्य की 'त्या दिवशी नोंद नाही'? बाजार बंद असलेल्या दिवशी आवक शून्य धरणं ठीक, पण भाव शून्य धरणं चूक. तिथे जागा रिकामीच हवी. तिसरं, एकच आकडा लागोपाठ अनेक वेळा आला आहे का? तसं असेल तर कोणीतरी जुनी किंमत पुढे ओढली असण्याची शक्यता असते. चौथं, तारखा सलग आहेत का? एक ओळ गळली तर पुढचे सगळे मागचा-पुढचा संबंध सांगणारे आकडे सरकतात आणि कोणतीही रोबस्ट पद्धत ते दुरुस्त करत नाही.

विस्तार मोजायला प्रमाण विचलन वापरू नका. मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक काढा आणि त्याला १.४८२६ ने गुणा. यालाच मॅड म्हणतात. हा गुणक लावला की प्रसामान्य वितरणात मॅड आणि प्रमाण विचलन जुळतात. मात्र ज्या मालिकेत अर्ध्याहून जास्त मूल्यं अगदी सारखी असतात तिथे मॅड शून्य येतो आणि मग प्रत्येक वेगळा आकडा 'अनंत पट दूर' ठरतो. सरकारने ठरवलेले दर किंवा पूर्णांकात गोळा केलेल्या किमती यांत हे हमखास घडतं. अशा वेळी मूळ मूल्यांऐवजी मॉडेलनंतर उरलेल्या फरकांवर मॅड काढा.

पायरी २: लीस्ट स्क्वेअर्स लावून आउटलायर शोधू नका

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय हीच आहे: आधी साधी रेषा (लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी) बसवायची, तीन प्रमाण विचलनांबाहेरचे बिंदू आउटलायर, म्हणजे फार दूरचे, ठरवून काढून टाकायचे आणि पुन्हा रेषा बसवायची. बेल्जियमच्या फाइलवर हे करून पाहा.

वर्षासाठी ५० ते ७३ हे आकडे घेतले तर लीस्ट स्क्वेअर्सचा चढ ५.०४ येतो आणि छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती किंमत) उणे २६०.०६. म्हणजे दरवर्षी पाच दशलक्ष कॉलची वाढ. ही रेषा १९५० साठी उणे ८ दशलक्ष कॉल सांगते आणि १९७३ साठी १०८. प्रत्यक्षात तेव्हा २९ होते. उरलेल्या फरकांचं प्रमाण विचलन ५६.२. आता सर्वांत वाईट वर्ष घ्या, १९६९. रेषा ८७.८ म्हणते, आकडा २१२, फरक १२४.२. भागिले ५६.२ म्हणजे २.२. तीनचा नियम लावला तर चोवीसपैकी एकही वर्ष बाहेर पडत नाही!

कारण असं की बिघडलेल्या बिंदूंनी रेषा स्वतःकडे ओढली आणि त्याच वेळी मोजपट्टीही, म्हणजे फरकांचा विस्तार सांगणारा आकडाही, ताणून लांब केली. याला मास्किंग म्हणतात. याची उलट बाजूही असते: ओढलेल्या रेषेपासून चांगले बिंदू दूर पडतात आणि तेच संशयित ठरतात. एकटा बिघडलेला बिंदू असेल तर कुकचं अंतर वगैरे निदानं काम देतात. बिघाडाचा पट्टा असेल तर एकेक बिंदू काढून पाहणारी ही निदानं निरुपयोगी, कारण एक काढला तरी बाकीचे पाच रेषा धरून ठेवतात. आणि कालश्रेणीत बिघाड बहुधा पट्ट्यानेच येतो: यंत्र आठवडाभर बिघडतं, पद्धत काही वर्षं बदलते.

पायरी ३: कोणता अंदाजक घ्यायचा

अंदाजक म्हणजे आकड्यांवरून गुणक काढण्याची रीत. पीटर ह्यूबर यांनी १९६४ मध्ये मांडलेली एम-अंदाजकाची कल्पना सोपी आहे. फरक लहान असताना वर्ग घ्या, मोठा झाला की वाढ सरळ रेषेत होऊ द्या. हा बदल जिथे होतो तो सीमांक मोजपट्टीच्या पटीत मोजतात; नेहमीचा सीमांक १.३४५, तो घेतला की आकडे खरोखर प्रसामान्य असतील तर लीस्ट स्क्वेअर्सच्या ९५ टक्के कार्यक्षमता, म्हणजे अंदाजाची अचूकता, मिळते. मोठ्या फरकाचं वजन कमी होतं, पण शून्य कधीच होत नाही. टुकी यांच्या बायस्क्वेअरमध्ये सीमांक ४.६८५, कार्यक्षमता तेवढीच ९५ टक्के, मात्र सीमेपलीकडच्या बिंदूचं वजन पूर्ण शून्य.

फोन्सच्या फाइलवर 'मास'मधलं 'आरएलएम' ह्यूबरसह चालवलं तर चढ २.०४, छेद उणे १०२.६ आणि मोजपट्टी ९.०३ येते. ५.०४ पेक्षा बरं, पण चुकीचंच. १९७३ साठी अजून ४६ म्हणतं. त्याच ह्यूबरला मोजपट्टी मॅडऐवजी 'प्रपोझल २' पद्धतीने काढायला सांगितली तर चढ ४.४५ आणि मोजपट्टी ५७.३, म्हणजे रोबस्ट असं नाव असूनही उत्तर जवळपास लीस्ट स्क्वेअर्सचंच. बायस्क्वेअरने चढ १.१०, छेद उणे ५२.३, मोजपट्टी १.६५. सर्वांत मोठे फरक बाजूला ठेवून उरलेल्यांचेच वर्ग मोजणारी ट्रिम केलेल्या वर्गांची पद्धत, म्हणजे एलटीएस, १.१६ देते. शेवटच्या दोन रेषा १९७३ साठी २८ च्या आसपास पोचतात.

यातून घ्यायची गोष्ट अशी: वजन देणाऱ्या फलनाइतकीच मोजपट्टीही निर्णायक असते. बायस्क्वेअरची एक अडचण ध्यानात ठेवा. त्याच्या समीकरणाला अनेक उत्तरं असू शकतात आणि गणना जिथून सुरू होते तिथल्या जवळच्या उत्तरात अडकते. इथे ती सुदैवाने योग्य ठिकाणी पोचली. सुरुवात लीस्ट स्क्वेअर्सपासून करून बायस्क्वेअर लावणं ही भरवशाची पद्धत नाही.

भरवशाची पद्धत म्हणजे एमएम-अंदाजक, व्हिक्टर योहाई यांनी १९८७ मध्ये मांडलेला. त्यात आधी एस-अंदाजकाने, सीमांक १.५४७ ठेवून, अशी रेषा शोधतात की जिची मोजपट्टी सर्वांत लहान असेल. ही पायरी निम्म्यापर्यंत बिघाड सोसते, पण कार्यक्षमता कमी. ती मोजपट्टी तशीच गोठवतात आणि त्या रेषेपासून सुरुवात करून ४.६८५ च्या बायस्क्वेअरने पुढचा अंदाज काढतात. दोन्ही गुण हाती येतात. 'आर'मध्ये 'रोबस्टबेस' पॅकेजमधलं 'एलएमरॉब' हेच करतं. पायथॉनमध्ये काम करत असाल तर 'स्टॅट्समॉडेल्स'मधल्या 'आरएलएम'ला मुळात ह्यूबर मिळतो हे विसरू नका. बायस्क्वेअर वेगळा मागावा लागतो आणि त्याची सुरुवातही तपासावी लागते.

टाइल-सेन ही सगळ्या जोड्यांच्या चढांचा मध्यक घेणारी पद्धत लोकांना आवडते, कारण ती कागदावरही करता येते. पण तिची सहनशक्ती सुमारे २९ टक्के. बेल्जियमच्या फाइलमध्ये अर्धवट बिघडलेली वर्षं धरून चोवीसपैकी आठ, म्हणजे ३३ टक्के बिंदू वाकडे आहेत. तिथे ती वापरू नये.

एस-अंदाजक शोधताना यंत्र बिंदूंचे लहान लहान नमुने उचलून पाहतं. निदान एक नमुना पूर्ण स्वच्छ निघेल याची ९९ टक्के खात्री हवी आणि निम्मे बिंदू बिघडलेले धरले, तर दोन गुणकांच्या मॉडेलला १७ नमुने पुरतात, पाच गुणकांना १४६ लागतात, दहा गुणकांना ४,७१४. 'एलएमरॉब' मुळात ५०० नमुने घेतं. म्हणून गुणक वाढवले की ही संख्या हाताने वाढवा, आणि बीजसंख्या (नमुन्यांची सोडत कुठून सुरू होते ते ठरवणारा आकडा) बदलून दोनदा चालवा. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं तर नमुने कमी पडताहेत.

महिन्यांचे डमी (त्या महिन्याला १ आणि इतरांना शून्य असे स्तंभ) घातले की आणखी एक खड्डा येतो. पाच वर्षांच्या मासिक फाइलमध्ये प्रत्येक महिन्याचे पाचच आकडे असतात. एखाद्या महिन्याचे तीन आकडे बिघडले की त्या महिन्याचा गुणक बिघडला, मग एकूण साठांपैकी तीनच खराब का असेनात. 'निम्म्यापर्यंत सहन करतो' हे आश्वासन पूर्ण फाइलसाठी आहे, प्रत्येक कप्प्यासाठी नाही. शिवाय यादृच्छिक नमुन्यात एखादा महिना आलाच नाही तर समीकरणं सुटत नाहीत. 'एलएमरॉब'ची सुरुवात 'एम-एस' पद्धतीने करायला सांगितली की डमी वेगळे हाताळले जातात. सोपा मार्ग हवा असेल तर आधी मालिकेचे कल, ऋतुमान आणि उरलेला भाग असे तुकडे करणाऱ्या एसटीएल पद्धतीने, तिची रोबस्ट खूण चालू ठेवून, ऋतुमान वेगळं काढा आणि रिग्रेशन उरलेल्यावर करा.

पायरी ४: उरलेले फरक कालक्रमाने वाचा

बायस्क्वेअरच्या रेषेपासून फरक काढा आणि १.६५ ने भागा. १९६९ साठी भागाकार ११४ येतो. लीस्ट स्क्वेअर्सने तोच २.२ म्हटला होता. १९७० चा ११, आणि १९६३ चा २.६. अर्धवट बिघडलेलं १९६३ हे वर्ष २.५ च्या सीमेच्या जेमतेम पलीकडे आहे. तीनची सीमा धरली असती तर ते सुटलंच असतं. म्हणून मोठ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे बिंदू सीमेच्या आत असले तरी मुद्दाम तपासा.

आता चांगल्या वर्षांकडे बघा, कारण खरा धडा तिथे आहे. १९५० चा फरक अधिक १.८, १९५१ चा अधिक १.०, मग १९५४ पासून उणे ०.४, उणे ०.८, उणे १.१, १९५७ ला उणे १.५, तिथून परत वर येत १९६१ ला अधिक ०.२. चिन्हं गठ्ठ्यांनी येताहेत. म्हणजे सरळ रेषा हे मॉडेलच अपुरं आहे, वाढ वक्र आहे. लॉग घ्यावा का? १९५० ते १९६२ मध्ये लॉगमधली वाढ वर्षाला सुमारे ०.१०८ येते आणि १९६२ ते १९७३ मध्ये ०.०५३. म्हणजे लॉगमध्ये वक्र उलट्या बाजूला झुकतो. चोवीस बिंदूंवर, त्यातले आठ गेलेले असताना, यापेक्षा बारीक वक्र बसवायचा मोह टाळावा. पण 'रोबस्ट रेषा बसली, काम झालं' असं म्हणणंही चूक. रोबस्ट पद्धत वाकड्या बिंदूंपासून वाचवते, चुकीच्या मॉडेलपासून नाही. तसंच, स्वतंत्रपणे भटकणाऱ्या दोन मालिका एकमेकींवर टाकल्या की खोटा संबंध दिसतो, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. एमएम लावूनही तो खोटाच राहतो. लगतच्या मूल्यांमधले फरक घेऊन त्यांवर रिग्रेशन करा किंवा सहएकात्मता, म्हणजे दोन्ही मालिका दीर्घकाळ एकमेकींशी बांधलेल्या आहेत का ते, तपासा.

पायरी ५: ऑटोरिग्रेशनमध्ये एक बिंदू दोनदा मारतो

इथपर्यंत काळ हा फक्त आडवा अक्ष होता. आजची किंमत कालच्या किमतीवर टाकली की प्रश्न बदलतो, कारण तोच आकडा एकदा उत्तर म्हणून येतो आणि पुढच्या ओळीत कारण म्हणून.

ए. जे. फॉक्स यांनी १९७२ मध्ये दोन प्रकार वेगळे केले. इनोव्हेशन आउटलायरमध्ये धक्का खराच बसतो आणि मालिका त्याला नेहमीच्या चालीने पुढे नेते. अशा बिंदूने एकच ओळ बिघडते, उलट पुढची ओळ गुणकाबद्दल भरपूर माहिती देते. ॲडिटिव्ह आउटलायरमध्ये प्रक्रिया शांत असते, फक्त मोजमाप चुकतं. पुढच्या वेळी मालिका धक्क्याची आठवण ठेवत नाही.

आकड्यांत पाहा. पहिल्या क्रमाचं ऑटोरिग्रेशन, फाय (मागच्या मूल्याचा गुणक) ०.८, धक्क्यांचं विचरण १. मालिकेचं विचरण १ भागिले ०.३६, म्हणजे २.७८. फायचा अंदाज हा एक भागाकार असतो: शंभर बिंदू असतील तर त्याच्या छेदातली वर्गांची बेरीज सरासरीने २७८, अंशातली लगतच्या गुणाकारांची बेरीज २२२, भागाकार ०.८. आता एकाच बिंदूत १० मिसळा. छेदात १०० वाढतात, अंशात सरासरीने काहीच नाही. २२२ भागिले ३७८ म्हणजे ०.५९. २० मिसळले तर २२२ भागिले ६७८, ०.३३. शंभरातल्या एका चुकीने ०.८ चा ०.३३ झाला, आणि घट्ट आठवण असलेली मालिका विसराळू दिसू लागली.

पट्टा असेल तर दिशा उलटते. लागोपाठ पाच बिंदूंत सारखीच खूप मोठी चूक असेल तर गुणक पाचात चारकडे, म्हणजे ०.८ कडे, ओढला जातो; मूळ मालिकेत काहीच संबंध नसला तरी. म्हणून 'आउटलायरने ऑटोकोरिलेशन नेहमी कमी होतं' हे वाक्य कुठे वाचलं तर ते एकट्या बिंदूपुरतं खरं आहे.

साधा ह्यूबर इथे का हरतो तेही यातच आहे. ॲडिटिव्ह चुकीनंतरच्या ओळीत कारण १० आणि उत्तर शून्याजवळ. हा आडव्या अक्षावर खूप दूरचा, रेषेला तरफेसारखा दाबणारा बिंदू. ह्यूबर उभा फरक पाहून वजन ठरवतो, तरफ पाहत नाही. एमएम असे बिंदू झेलतो, पण मागची किती मूल्यं घेतो त्यावर मर्यादा येते. मागची सहा मूल्यं घेणाऱ्या मॉडेलमध्ये एक वाकडा आकडा सात ओळी बिघडवतो. मासिक फाइलमध्ये आठ टक्के आकडे विखुरलेले वाकडे असले की निम्म्याच्या आसपास ओळी खराब होऊ शकतात, आणि तिथे कोणताही ओळी मोजणारा अंदाजक टिकत नाही.

पायरी ६: म्हणून आधी गाळा, मग बसवा

उपाय असा की पुढच्या ओळीत कारण म्हणून कच्चा आकडा न देता गाळलेला द्यायचा. मासरेलिएझ आणि मार्टिन यांनी १९७७ मध्ये कालमन फिल्टरचं (भाकीत आणि नवा आकडा जुळवत पुढे जाणाऱ्या गणनेचं) जे रोबस्ट रूप दिलं त्याचा गाभा हाच. पहिल्या क्रमासाठी हाताने करता येतं:

१. गाळलेल्या मागच्या मूल्याला फायने गुणून भाकीत काढा.
२. प्रत्यक्ष उणे भाकीत, भागिले मोजपट्टी.
३. भागाकार दोनच्या आत असेल तर आकडा जसाच्या तसा ठेवा. दोन ते तीनमध्ये असेल तर फरकाचा वाटा हळूहळू शून्यापर्यंत उतरवा. तीनपलीकडे असेल तर भाकीतच मूल्य म्हणून लिहा.
४. पुढच्या बिंदूकडे जा.

मागचं गाळलेलं मूल्य १.०, फाय ०.८, मोजपट्टी १. भाकीत ०.८. आकडा २.० आला: फरक १.२, तसाच ठेवला. आकडा ११ आला: फरक १०.२, नाकारला, ०.८ लिहिलं. एखादा आकडा नाकारला की पुढच्या भाकितात अनिश्चितता जास्त असते, तेव्हा मोजपट्टीही रुंद करा: विचरण १ ऐवजी १ अधिक ०.६४, म्हणजे १.६४; पुन्हा नाकारला तर २.०५, आणि असंच २.७८ पर्यंत. हे बरेच जण विसरतात आणि मग एका नकारानंतर पुढचा खरा आकडाही उगाच नाकारला जातो.

सुरुवातीचा फाय आणि मोजपट्टी कुठून आणायची? लगतच्या मूल्यांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन मालिका करा. दोन्हींची रोबस्ट विचरणं काढा. मॅडचा वर्ग चालेल, क्यूएनचा (बिंदूंच्या जोड्यांमधल्या अंतरांवरून काढलेल्या विस्ताराचा) अधिक चांगला. त्यांचा फरक भागिले त्यांची बेरीज हा ऑटोकोरिलेशनचा रोबस्ट अंदाज, आणि पहिल्या क्रमात तोच फाय. मग गाळा, गाळलेल्यावरून फाय पुन्हा काढा, मूल्य तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर होईपर्यंत फिरवा. बहुधा थोड्याच फेऱ्यांत होतं.

या गाळणीचा एक धोका मोठा आहे. मालिकेची पातळीच खरोखर बदलली तर गाळणी नव्या पातळीवरचे आकडे एकामागून एक नाकारत बसते आणि जुन्या सरासरीकडे सरकत राहते. लागोपाठ चार नकार आणि चारही एकाच चिन्हाचे असतील तर गाळणी थांबवा आणि पुढच्या पायरीवर जा.

पायरी ७: बिंदूला नाव द्या

संशयित बिंदू मिळाले की त्यांना चार आकारांपैकी एक द्यायचा. एकाच वेळी १ आणि बाकी शून्य, हा ॲडिटिव्ह. त्या वेळेपासून पुढे सगळीकडे १, ही पातळीची उडी. १, ०.७, ०.४९, ०.३४ असा विरत जाणारा, हा तात्पुरता बदल, ०.७ हा चेन आणि लिऊ यांच्या १९९३ च्या पद्धतीतला रूढ आकडा. आणि चौथा इनोव्हेशन. प्रत्येक आकार डमी म्हणून ऑटोरिग्रेशन मॉडेलमध्ये घाला आणि ज्याचं टी-मूल्य (गुणक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) निरपेक्षतः सर्वांत मोठं तो निवडा. 'आर'मधलं 'टीएसआउटलायर्स' पॅकेज ५० पर्यंत बिंदूंना टी-मूल्याची सीमा ३ धरतं, ४५० च्या पुढे ४, आणि मधल्या लांबीला प्रत्येक जादा बिंदूमागे ०.००२५ वाढवतं, १२० महिन्यांना ३.१७५. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचं ऋतुमान वेगळं काढणारं एक्स-१३ देखील ॲडिटिव्ह, उडी आणि तात्पुरता हे प्रकार स्वतः शोधतं.

मालिकेच्या अगदी शेवटच्या बिंदूत मात्र हे चारही आकार एकसारखेच दिसतात, कारण पुढे काय झालं ते अजून आलेलंच नाही. तिथे टी-मूल्यावरून प्रकार ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. कारण विचारा: फाइल भरणाऱ्याला, यंत्र सांभाळणाऱ्याला. बेल्जियमच्या १९६४ ते १९६९ या पट्ट्याला सांख्यिकी दृष्टीने 'उडी आणि उलट उडी' असं बसवता येईल, पण ती मिनिटं आहेत हे कळलं की तो पट्टा कॉलच्या मालिकेतून सरळ वगळायचा असतो. २०२० च्या लॉकडाउनमधली प्रवासी संख्या उलट खरी असते, चूक नसते; तिला डमी द्यावा, पुसू नये. मूळ स्तंभाला हात न लावता शेजारी तीन स्तंभ ठेवा: गाळलेलं मूल्य, आकार, कारण. कारण सापडलं नाही तर 'अज्ञात' लिहा.

पायरी ८: प्रमाण त्रुटी

'एलएमरॉब' छापतं त्या प्रमाण त्रुटी लगतच्या फरकांमधला संबंध धरत नाहीत. फरकांत धन संबंध असेल तर त्या फार लहान येतात. हा संबंध धरून प्रमाण त्रुटी काढणाऱ्या न्यूई-वेस्ट पद्धतीने किती मागची मूल्यं घ्यायची यासाठी चाललेला नियम: बिंदूंची संख्या भागिले १००, त्याचा २/९ घात, गुणिले ४, आणि अपूर्णांक सोडा. १२० बिंदूंना ४, चोवीसांना २. दुसरा मार्ग ब्लॉक बूटस्ट्रॅपचा, म्हणजे मालिकेचे सलग तुकडे सोडतीने पुन्हा पुन्हा उचलून गणना करण्याचा, पण तिथे सापळा आहे. सोडत काढलेल्या एखाद्या नमुन्यात बिघडलेला पट्टा दोनतीनदा येतो, बिघाड निम्म्यावर जातो आणि एमएम कोसळतो. मग विश्वासांतर उगाच प्रचंड दिसतं. त्यासाठी प्रत्येक नमुन्यावर पूर्ण गणना न करता फक्त गोठवलेल्या वजनांचं समीकरण एक पायरी सोडवणारी वेगवान रोबस्ट बूटस्ट्रॅप पद्धत आहे, सालिबियान-बरेरा आणि झमार यांची, २००२ मधली. ती मुळात स्वतंत्र ओळींसाठी आहे, तेव्हा कालश्रेणीत ओळींऐवजी ब्लॉक उचला.

पायरी ९: भाकीत

शेवटचा आकडा ॲडिटिव्ह चुकीचा असेल तर पुढचं भाकीत फाय गुणिले चूक इतकं ढळतं. फाय ०.८ आणि चूक १० असेल तर ८. रोबस्ट पद्धतीने काढलेला फाय इथे उलट जास्त घातक ठरतो, कारण तो मोठा आणि खरा असतो. म्हणून भाकिताची सुरुवात नेहमी गाळलेल्या मूल्यावरून करा. शेवटचा आकडा नाकारला गेला असेल तर दोन भाकितं द्या, एक चूक धरून आणि एक उडी धरून, आणि पुढचा आकडा आला की त्यातलं एक खोडा.

मॉडेलांची तुलना करताना चुकांच्या वर्गांची सरासरी घेतली तर तपासणीच्या काळातला एखादा वाकडा महिनाच निकाल ठरवतो. निरपेक्ष चुकांचा मध्यक घ्या आणि त्याच्या शेजारी ९० वं शततमकही लिहा. साठा किती ठेवायचा किंवा पूर कुठवर येईल असे निर्णय टोकाच्या चुकांवर अवलंबून असतात, आणि तिथे नुसता मध्यक दाखवला तर धोका झाकला जातो. विश्वासांतर काढतानाही तेच: गाळलेल्या मालिकेवरून काढलेली मोजपट्टी शांत दिवसांची असते. फाइलमध्ये दर वीसपैकी एक आकडा खरोखर उसळत असेल, चुकीने नव्हे, तर ती उसळी भाकिताच्या पट्ट्यात परत मिसळावी लागते. पायरी ७ मध्ये लिहिलेला 'कारण' हा स्तंभ इथे उपयोगी पडतो: चुकीची नोंद असलेले बिंदू वगळा, खऱ्या घटनांचे फरक वेगळे काढा आणि पट्टा तयार करताना त्यातूनच सोडत काढा.